ओव्हरड्राइव्ह पेडलचा बोचरा आवाज मऊ करताना

माझ्याकडचं गिटारचं ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे आवाज थोडा फाडून खरखरीत करणारी पायाखालची डबी, ट्यूब स्क्रीमर या पेडलच्या सर्किटवर बेतलेलं आहे. सोलो वाजवताना ते छान पुढे येतं, पण कॉर्ड वाजवली की आवाज नाकातून यायचा आणि वरच्या तारांना एक बोचरी धार असायची. टोनचं बटण कमी केलं की बोच जायची, पण आवाजातला जीवही जायचा. अँपचा बास वाढवला तर खालचा भाग नुसता फुगायचा. शेवटी पेडलच उघडायचं ठरवलं.

अँपमध्ये बदल करण्याचा सल्लाही मिळाला होता, तो मी ऐकला नाही. व्हॉल्व्हच्या अँपमधले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही तीनचारशे व्होल्ट धरून बसू शकतात, आणि ते सुरक्षितपणे रिकामे करण्याचा सराव नसेल तर तिथे हात घालू नये. पेडल नऊ व्होल्टवर चालतं. फार तर एखादा भाग जळेल.

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी सर्किटची आकृती नीट वाचली. १९७०च्या दशकाच्या शेवटी सुसुमु तामुरा यांनी केलेल्या या रचनेच्या इतक्या नकला झाल्या आहेत की आकृती मिळणं अवघड नाही. सिग्नल बफरमधून (त्याला कमजोर होऊ न देणाऱ्या टप्प्यातून) ४५५८ या ऑप-अँपमध्ये, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपमध्ये जातो, तिथे वाढतो, आणि फीडबॅकमधले उलटसुलट जोडलेले दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याचे शेंडे छाटतात. ड्राइव्हचं बटण ही वाढ सुमारे १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत नेतं. पण सगळ्या सुरांना ती सारखी मिळत नाही. तिथून ग्राउंडकडे जाणारा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून ७२० हर्ट्झच्या खाली वाढ कमी कमी करत नेतात. गिटारच्या सहाही मोकळ्या तारांचे मूळ सूर ८२ ते ३३० हर्ट्झमध्ये येतात, म्हणजे सगळेच उतारावर! छाटणी होते ती मुख्यतः वरच्या हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या उपसुरांची. छाटून झाल्यावर १ किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची आणखी एक जोडी जवळपास त्याच ७२० हर्ट्झपासून वरचा भाग उतरवते. दोन्ही बाजूंना उतार आणि मधे उंचवटा, नाकातला आवाज येतो तो इथून.

हे समजल्यावर अँपचा बास का उपयोगी पडला नाही तेही कळलं. तो छाटणीनंतर येतो, त्यामुळे तयार झालेल्या आवाजाचं फक्त वजन वाढतं. आवाजाचा पोत बदलायचा असेल तर खालचे सूर छाटणीच्या आधी आत जायला हवेत.

बदलायचे भाग काढून त्यांच्या जागी आयसी सॉकेटच्या पट्टीतून कापलेले छोटे तुकडे सोल्डर केले, म्हणजे कपॅसिटर आणि डायोड नुसते खोचून बदलता येतात. जुना भाग काढताना जुन्या सोल्डरवर थोडं नवं सोल्डर लावावं, ते पटकन वितळतं आणि पंपाने ओढलं की भोक स्वच्छ होतं. घाईने भाग उपटला तर पीसीबीवरची (सर्किटच्या पाटीवरची) तांब्याची चकती उचकटून येते. खुणा वाचतानाही सांभाळावं लागतं: ०.०४७ वर ४७३ छापलेलं असतं, ०.१ वर १०४, आणि ५१० असं लिहिलेला कपॅसिटर पाचशे दहा पिकोफॅरडचा नसून ५१चा असतो.

ऐकण्याची पद्धतही आधीच ठरवली. लूपरमध्ये, म्हणजे वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रात, एक तुकडा रेकॉर्ड केला, त्यात थोड्या कॉर्ड आणि थोडा सोलो, आणि प्रत्येक बदलानंतर तोच पेडलमध्ये सोडला. हाताने वाजवलं की आपण नकळत नव्या आवाजाला साजेसं वाजवतो आणि तुलना तिथेच बिघडते. दर वेळी लेव्हलचं बटण फिरवून आवाजही आधीइतकाच ठेवला. मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त भरलेला वाटतो, आणि पेडलमधल्या बदलांची निम्मी वाहवा त्यातूनच होत असावी असं माझं मत झालं आहे.

पहिला बदल ०.०४७च्या जागी ०.१ मायक्रोफॅरड. उतार आता ३३९ हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. कॉर्डना अंग आलं, नाकातला आवाज जवळजवळ गेला. हाव सुटून ०.२२ लावला, तर उतार १५४ हर्ट्झवर गेला आणि खालच्या दोन तारा एकत्र वाजवल्या की नुसता चिखल. खर्ज जोरात छाटला गेला की त्याच्या ओझ्याखाली वरचे सूरही गढूळ होतात. मूळ सर्किटात खालचा भाग का कापला होता ते ऐकल्यावर पटलं. ०.१ सुद्धा ड्राइव्ह वाढवल्यावर किंचित जड वाटायचा, म्हणून ०.०६८ वर थांबलो. त्याचा उतार साधारण ५०० हर्ट्झवर पडतो.

मग बोच. डायोडांना समांतर ५१ पिकोफॅरडचा एक कपॅसिटर असतो. ड्राइव्ह पूर्ण असताना तो साधारण ५.७ किलोहर्ट्झच्या वरची वाढ कमी करतो. तिथे १०० पिकोफॅरड लावला की ही मर्यादा २.९ किलोहर्ट्झवर येते. तंबोऱ्याच्या जवारीत दोरा केसभर सरकवला की सूर पालटतो, तसाच हा एवढासा बदल आवाजाची किनार पालटवतो. ड्राइव्ह कमी केलं की ही मर्यादा आपोआप वर सरकते, त्यामुळे हलकं वाजवताना आवाज मंद होत नाही आणि जोर लावला की कडा गोल होतात. टोनच्या बटणाने हे साधत नाही, कारण ते ड्राइव्हकडे न बघता सरसकट कापतं. सगळ्या बदलांत हा मला सर्वांत आवडला, आणि याच्याबद्दल बोलतात मात्र सर्वांत कमी.

डायोडांवर बराच वेळ गेला. मूळचे १एन४१४८ सुमारे ०.६ व्होल्टवर छाटू लागतात. लाल एलईडी लावले तर छाटणी उशिरा होते आणि आवाज एकदम मोठा, मोकळा वाटतो. लेव्हल बरोबरीला आणल्यावर त्यातली बरीच जादू ओसरली. जर्मेनियमचे डायोड लवकर छाटतात, आवाज दबतो, बोटांच्या जोरातला फरक पुसला जातो. शेवटी एका दिशेने एक आणि दुसऱ्या दिशेने एकामागे एक असे दोन १एन४१४८ ठेवले. तरंगाच्या दोन बाजू वेगळ्या उंचीवर छाटल्या गेल्या की सम हार्मोनिक्सही येतात. फरक लहान आहे, पण एकच सूर लांबवून धरला की विरताना तो अधिक गोड वाटतो. डायोडवरचा पट्टा मात्र दर वेळी पाहून घ्यावा, दिशा त्यावरूनच कळते.

चिप बदलण्याबद्दल सगळ्यांत जास्त ऐकलं होतं. ४५५८ काढून टीएल०७२ बसवून पाहिली. एकाच लेव्हलला मला तरी फरक ओळखता आला नाही. गणितही तेच सांगतं: ११८ पट वाढीलाही ४५५८ची मजल २५ किलोहर्ट्झच्या आसपास जाते, आणि गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. मूळची चिप परत बसवली. आउटपुटचे दोन रेझिस्टर बदलण्याची कहाणीही अशीच, पुढे एक मेगओहम इनपुटचा अँप असताना ४७० ओहम काय आणि १०० ओहम काय.

इतकं ठरल्यावर निवडलेले भाग सॉकेट काढून कायमचे सोल्डर केले, कारण पायाखाली दणके खाणाऱ्या पेडलमध्ये खोचलेले भाग सैल होतात. फक्त ०.०६८चा कपॅसिटर तसा कायमचा बसवला नाही. सिंगल कॉइल गिटारवर (जिच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा सूर टिपणाऱ्या भागात, एकच वेटोळं असतं) तो सुरेख वाटतो, पण दोन वेटोळ्यांच्या हंबकर पिकअपवर मूळचा ०.०४७ जास्त स्वच्छ. म्हणून मूळचा परत लावून त्याला समांतर ०.०२२ चा कपॅसिटर एका छोट्या स्विचमधून जोडला. बेरीज ०.०६९, म्हणजे तेच. या जागी साडेचार व्होल्टचा डीसी असतो, त्यामुळे रिकामा कपॅसिटर अचानक जोडला गेला की स्पीकरमधून मोठा ठप्प आवाज येतो. स्विचच्या दोन टोकांमध्ये एक मेगओहमचा रेझिस्टर टाकला की कपॅसिटर आधीच भरलेला राहतो आणि स्विच वाजवता वाजवता बदलता येतो.