सल्ला नको, प्रश्न विचार

८ मार्चला ऑफिसात काय होतं ते सगळ्यांनाच माहितीये, गुलाबाचं फूल, एखादा मग नाहीतर डबा, डायटिशियनचं भाषण, आणि मग कोणीतरी साहेब माइक हातात घेऊन सांगणार की बाई घर आणि ऑफिस दोन्ही कसं सांभाळते बघा. टाळ्या, ग्रुप फोटो, की आपण परत काउंटरवर.

म्हणून नागपुरात धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये महिला अधिकाऱ्यांचं सेमिनार आहे, आत्मचिंतन वगैरे, असं मैत्रीण म्हणाली तेव्हा मी सरळ म्हटलं, "नको बाप्पा, एकच रविवार मिळतो." ती म्हणे, "अगं भाषण नाही आहे तिथे, तुलाच बोलायचं आहे." गेले. आणि आता तुम्हाला पण सांगून राहिली की असं काही असलं तर जा.

स्टेज नाही, पीपीटी नाही, गोल करून खुर्च्या. प्रत्येक गोलात पाच-सहा जणी. एकीने कामातली अडलेली एक गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, "माझ्या बाबतीत पण असंच झालं" हे पण नाही. ऐकायला सोपं वाटतं पण नागपूरच्या बायकांना सल्ला न देता बसवणं म्हणजे काय ते विचारू नका 😄 आणि "तू साहेबांना मेल काऊन नाही करत?" हा प्रश्न नाही, प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे, ते पण चालत नव्हतं, सेशन घेणारी ताई तिथेच थांबवायची.

ही पद्धत इंग्लंडच्या रेग रेव्हन्सची. मूळचा फिजिक्सवाला माणूस, १९४० च्या दशकात तिकडच्या कोळसा खाणींच्या मॅनेजरांना एकत्र बसवून एकमेकांचे प्रॉब्लेम सोडवायला लावले, बाहेरचे एक्स्पर्ट न आणता. त्याला अ‍ॅक्शन लर्निंग म्हणतात. (डब्ल्यूसीएल, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं हेडऑफिस असलेल्या गावात कोळशाचीच आयडिया यावी, चालायचंच.)

आमच्या गोलात एक नर्सिंग इन्चार्ज होत्या, वीसेक वर्षांची नोकरी. म्हणाल्या, मीटिंगमध्ये मी स्टाफ कमी आहे म्हणते तर कोणी मान वर करत नाही, तेच अर्ध्या तासाने एखादे डॉक्टर बोलले की लिहून घेतात. आम्ही सगळ्या आतून सल्ल्यांनी नुसत्या फुटून राहिलो होतो. मग प्रश्न सुरू झाले, रात्रपाळीचे आकडे कोणाकडे असतात, तुम्ही कुठे बसता, तुमचा नंबर कधी येतो. एकीने विचारलं, "मीटिंगचा अजेंडा आधी मिळतो का?" त्या थांबल्या. "नाही. डॉक्टरांना मिळतो." बस, तिथे सगळं उघडं पडलं, कारण इतकी वर्षं त्यांना वाटायचं की आपलं बोलणंच कमी पडतं, आपल्याला इंग्रजीत नीट मांडता येत नाही.

माझं प्रकरण बँकवाल्यांना लगेच कळेल. मी बँकेत ऑफिसर, स्केल टू वरून थ्री, म्हणजे एक श्रेणी वर, प्रमोशन आणि त्याच्यासोबत बदली. आमच्याकडे कितीतरी हुशार पोरी फोरगो करतात, म्हणजे प्रमोशनच सोडून देतात, आणि मग लोक म्हणतात बायकांना अ‍ॅम्बिशन नसते. मला विचारलं, "तुमच्या बॅचच्या पुरुषांनी फॉर्म भरायच्या आधी घरी किती जणांना विचारलं?" जाम हसलो सगळ्या. पण पुढचा प्रश्न भारी होता, "तुम्ही नसाल तर घरात नेमकं काय काय अडेल, लिहिलंय कधी?" त्याच रात्री बसून लिहिलं. सिलेंडर, ट्युशनची फी, दूधवाल्याचा हिशोब, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, असं पानभर झालं आणि फ्रिजवर लावलं. नवऱ्याने वाचलं आणि पहिलं काय विचारलं तर, "गोळ्यांचा डबा असतो कुठे?"

आता एक गोष्ट मला खटकते ती पण बोलते. अशा सेमिनारात फार लवकर गाडी कॉन्फिडन्सवर येते. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये लिहून ठेवलंय की चांगल्या शिकल्या-सवरलेल्या, यशस्वी बायकांना पण आपण इथवर नशिबाने आलो असंच वाटतं, इम्पोस्टर म्हणतात तेच. खरंय, मला पण वाटतं. पण अजेंडा न मिळणं हा कॉन्फिडन्सचा प्रॉब्लेम नाही ना. बदलीचं धोरण पण नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डावर किमान एक बाई आली, चांगलंच झालं, पण ब्रँचपासून बोर्डापर्यंतचा जो जिना आहे त्याच्या मधल्या पायऱ्यांवर कोण उभं आहे ते बघा. अशा सेमिनारचा खरा उपयोग मला हाच वाटला, की डोक्यातली भीती कोणती आणि सर्क्युलरमधली अडचण कोणती हे वेगवेगळं दिसायला लागतं. पहिलीवर आपण काम करायचं, दुसरीबद्दल युनियनला पकडायचं.

आणि पद्धत इंग्लंडची असली तरी बायकांनी एकत्र बसून कामाच्या अडचणी बोलणं हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही बरं. याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब आंबेडकर स्वतः बोलायला होते. कामगार बायकांसाठी भरपगारी रजा, अपघात झाला तर भरपाई, आणि गिरणीत बायकांवर सुपरवायझर बाईच पाहिजे, असे ठराव झाले. एम्प्रेस मिल या कापड गिरणीच्या गावात, १९४२ ला! बायकांना वरच्या जागेवर आणायच्या याच गोष्टीला आपण आज लीडरशिप पाइपलाइन म्हणतो आणि हॉटेलात बुफे ठेवतो.

कोणाला आपल्या ऑफिसात करायचं असेल तर एवढंच सांगते, एका गोलात सहाच्या वर नको, मोबाइल बॅगेत, आणि मेन म्हणजे जिच्या हातात तुमचं अप्रेझल आहे ती त्याच गोलात नको, कितीही गोड असली तरी. आमच्याकडे चहाच्या वेळेला एक मॅडम येऊन बसल्या आणि पुढचा अर्धा तास सगळ्या एकदम खुश होत्या आपापल्या नोकरीवर.