बीपीच्या माणसाने पित्तावर सोडा घेऊ नये

कापूस वेचणीच्या दिवसांत गावच्या दुकानातून तीन गोष्टी हातोहात जातात: खर्रा, अंगदुखीची गोळी आणि फसफसणारी पुडी. पहिल्या दोन्हींनी छाती जळते आणि ती विझवायला तिसरी लागते. बीपी असलेल्या माणसाचं मात्र या तिन्हींनी नुकसान होतं. ‘पित्त चढलं, छातीत जळून राह्यलं’ म्हणत तो पुडी घेतो, जळजळ तेवढ्यापुरती थांबते आणि महिन्याच्या तपासणीत बीपी का उतरत नाही याचा कोणालाच पत्ता लागत नाही.

आधी सोड्याचा हिशोब. दिवसभरात सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, साधारण एक सपाट लहान चमचा. खाण्याचा सोडा अर्धा चमचा घेतला की अडीच ग्रॅमच्या आसपास जातो आणि त्यातून पावणेसातशे मिलिग्रॅम सोडियम पोटात येतं. फसफसणाऱ्या पुडीच्या मागे बारीक अक्षरात ‘स्वर्जिक्षार’ लिहिलेलं असतं, तो हाच सोडा. नेहमीच्या ५ ग्रॅमच्या पुडीत सोडियम साडेआठशे मिलिग्रॅमपर्यंत भरतं. सकाळी एक, रात्री एक घेतली की दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा तिथेच संपला. भाजी, लोणचं, पापड अजून मोजायचेच आहेत. पाचक चूर्णातलं काळं मीठ आणि उपवासाचं सैंधव यांचीही गत तीच. रंग वेगळा असला तरी त्यात मुख्य भाग साध्या मिठाचाच.

पुडीचा दुसरा धोका मोठा आहे. ढेकर आला, बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता, असं धरून चालू नका. बीपीच्या माणसाला हृदयविकाराचा धोका आधीच जास्त असतो आणि हृदयाचं दुखणंही कधीकधी जळजळीसारखंच जाणवतं. चालताना किंवा ओझं उचलताना छाती भरून येते आणि थांबलं की कमी होते, घाम फुटतो, दम लागतो, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, यातलं काहीही असेल तर पुडी पाजून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा दवाखान्यात पोहोचा. शुगर असलेल्यांना आणि बायकांना ही लक्षणं पुष्कळदा पुसट असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत जास्तच सावध राहावं.

आता गोळीकडे वळू. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते आवळतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीसाठी बहुतेकदा ॲम्लोडिपिन मिळते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करून बीपी उतरवते. या कड्याचे स्नायूही त्याच जातीचे, त्यामुळे काही जणांचं कडंही तिच्याने ढिलं पडतं. निफेडिपिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल या गोळ्यांचंही असंच आहे. सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही. पण गोळी सुरू झाल्यावर किंवा ५ मिलिग्रॅमची १० झाल्यावर काही आठवड्यांत जळजळ सुरू झाली असेल, तर ते डॉक्टरांना नेमकं सांगा. डोस कमी करता येतो किंवा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देता येते. गोळी मनाने बंद करणं मात्र कोणत्याही हिशोबाने परवडणारं नाही. जळजळ जाणवते, चढलेलं बीपी जाणवत नाही, आणि ते कळतं तेव्हा अर्धं अंग लुळं पडलेलं असू शकतं.

पित्तावर गावोगावी सांगितलं जाणारं ज्येष्ठमध बीपीच्या माणसाने टाळायलाच हवं. त्यातल्या घटकामुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. लघवी जास्त करणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखीच घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अंगदुखीसाठी दुकानातून सुटी मिळणारी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन जठराच्या आतल्या थराला इजा करते, बीपी वाढवते आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किडनीवर ताण आणते. दुखणं असलंच तर डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल घ्या, पाण्यात फसफसणारी नको. तिच्यातही सोडियम असतं. खर्ऱ्यातल्या तंबाखूने कडं सैल होतं आणि बीपीही चढतं. बाकी सगळी पथ्यं सांभाळून खर्रा चालू ठेवला तर फारसं काही हाती लागत नाही.

औषधाशिवाय चांगला आराम देणारी एक गोष्ट म्हणजे बाजेची उशाकडची बाजू उंच करणं. उशाच्या दोन्ही पायांखाली एकावर एक दोन विटा आडव्या ठेवा, साधारण सहा इंच उंची मिळते. बाज डुगडुगत असेल तर आधी जमीन सारखी करून घ्या. दोन-तीन उशा रचून हे साधत नाही. त्याने फक्त मान वर होते, पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. विणलेली बाज मधे झोळीसारखी लोंबत असेल तर तेच होतं, म्हणून पायथ्याची दोरी ताणून घ्या. खाली झोपणाऱ्यांनी गोधड्यांच्या घड्या कमरेपासून डोक्यापर्यंत चढत्या उताराने घालाव्यात. कूस डावी ठेवावी. त्या कुशीवर जठरातलं आम्ल कड्याच्या खालच्या पातळीवर राहतं.

जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. रात्री ओलिताची पाळी असेल तर जेवून शेतात जा. अकराला परतून भरपेट जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, असं करू नका. परतल्यावर भूक लागली तर अर्धी भाकर पुरे. वेचणीत कमरेला बांधलेली कापसाची झोळी भरत जाते, तसं पोट दाबलं जातं, त्यात सतत वाकणं. दुपारच्या जेवणानंतरचा पहिला तास झोळी खांद्याला अडकवता आली तर पाहा. परकराचा नाडा आणि करदोडाही सैल असू द्या.

मिरची सगळ्यांनाच बाधत नाही. ठेच्यापेक्षा तर्रीतलं तेल पुष्कळदा जास्त नडतं, कारण तेलकट जेवण जठरात रेंगाळतं. एकदम दहा पदार्थ बंद करण्यापेक्षा दोन आठवडे एकच गोष्ट सोडून पाहा: आधी उपाशीपोटी चहा, मग तर्री. ज्याने फरक पडला नाही ते परत सुरू करा, पण लोणचं-पापड बीपीसाठी कमीच ठेवा.

औषध लागलंच तर पॅन्टोप्राझोलसारखी गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास ते तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर घेतली तर उपयोग कमी होतो. साधारण ४ ते ८ आठवड्यांनी तिची गरज आहे का हे डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या. लघवीच्या गोळीबरोबर ती वर्षानुवर्षं चालली तर मॅग्नेशियम कमी होऊन पायात गोळे येऊ शकतात. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल ही पित्ताची गोळी नको, तिने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. पातळ अँटासिड घेत असाल तर त्यात आणि इतर गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. किडनीचा त्रास असेल तर तेही विचारूनच.

रात्रीचा कोरडा खोकला पित्तानेही होतो आणि एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही. यातली गोळी चालू असेल तर खोकल्याच्या बाटल्या रिचवण्याआधी ते सांगा. गोळी बदलल्यावर तो साधारण महिनाभरात जातो.

घास अडकणं, आपोआप वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, यातलं काहीही दिसलं तर घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, तेव्हा ती घेत असाल तर सांगा. तपासणीला जाताना पिशवीत सगळी पाकिटं टाका: बीपीची, अंगदुखीची, चूर्णाची डबी, रिकाम्या पुड्यासुद्धा. दिवसाला किती पुड्या लागतात आणि ॲम्लोडिपिन कोणत्या महिन्यात सुरू झाली, हे आशाताईंकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं तर डॉक्टरांना गोळी बदलायची की नाही हे ठरवणं सोपं जातं.