रीसेट मारला तरी आधीची आयओ (डिस्कचं वाचन-लेखन) कुठे जाते?

परवा रात्री लाइट गेले. सर्व्हर यूपीएसवर आहे, पण नॅसचा (नेटवर्कवरून डिस्क देणाऱ्या डब्याचा) प्लग "नंतर करू" म्हणून साध्या बोर्डातच राहिला होता, त्यामुळे नॅस बंद पडला आणि परत उठायला त्याने सातेक मिनिटं घेतली. सर्व्हरवरच्या दोन व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) डिस्क त्याच्यावर, एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल्स वापरायची पद्धत), हार्ड माउंट, म्हणजे नॅस गेला तरी एरर न देता वाट बघत बसायचं. गंमत अशी की दोन्ही व्हीएम एकाच होस्टवर (म्हणजे त्या सर्व्हरवर), दोघांत गेस्ट (आत चालणारी ओएस) लिनक्सच, तरी वागले एकदम वेगळे.

पहिल्याचा डिस्क कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी, खास व्हीएमसाठीच बनवलेला. त्याच्या लॉगमध्ये फक्त "टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त ब्लॉक" छापाच्या तक्रारी आल्या आणि नॅस परत आल्यावर तो निमूट कामाला लागला. दुसरा जुना, त्याला क्यूईएमयूचा (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) एलएसआय ५३सी८९५ए, म्हणजे एका खऱ्या स्कझी कंट्रोलरची नक्कल, लावलेला, तो मात्र पार गोठला, पिंग नाही, कन्सोल नाही, क्यूईएमयूच्या मॉनिटरला (त्याला आज्ञा द्यायची खिडकी) कमांड दिली तर टाइमआउट. मला वाटलं क्यूईएमयूच मेला.

मेला नव्हता. लिनक्स स्कझी डिस्कला डिफॉल्ट ३० सेकंद देतो, तेवढ्यात उत्तर नाही आलं की आधी अबॉर्ट, मग डिव्हाइस रीसेट, मग बस रीसेट, शेवटी होस्ट रीसेट अशी पायरी पायरीने चढाई करतो आणि तरी जमलं नाही तर डिस्क ऑफलाइन. खऱ्या लोखंडी डिस्कसाठी हे ठीकच आहे. पण इथे कंट्रोलर म्हणजे होस्टवरचं एक प्रोग्रॅम, आणि गेस्टने टाकलेली राइट त्याने होस्टच्या कर्नलला कधीच देऊन टाकलेली असते, तिथून ती परत मागवता येत नाही. पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पत्र जसं.

आता समजा क्यूईएमयूने लगेच "हो झाला रीसेट" म्हणून सांगितलं, तर गेस्ट तीच राइट परत पाठवणार, नंतर त्याच सेक्टरवर आणखी नवीन काही लिहिणार, आणि मग नॅस जागा झाल्यावर ती जुनी अडकलेली राइट येऊन नव्यावर बसणार. रीड असेल तर अजून वाईट, गेस्टने ती मेमरी दुसऱ्याच कामाला घेतलेली असते आणि तिच्यात अचानक डिस्कचा डेटा येऊन पडतो. म्हणून क्यूईएमयू रीसेटच्या वेळी ड्रेन करतो, म्हणजे बाहेर गेलेली सगळी आयओ संपेपर्यंत थांबतो. आणि हे थांबणं क्यूईएमयूचं मोठं लॉक (बाकीच्यांना थांबवून ठेवणारं कुलूप) धरून होतं, मॉनिटरपण त्याच मेन लूपवर, म्हणून सगळंच ठप्प. वैताग येतो, पण डेटा खराब होण्यापेक्षा गोठलेला व्हीएम मला केव्हाही चालेल.

मग व्हर्टआयओवाला कसा वाचला? तर लिनक्सचा व्हर्टआयओ स्कझी ड्रायव्हर टाइमआउट झाला की सरळ टायमर परत सुरू करतो, होस्ट कधी ना कधी उत्तर देईलच असं धरून. चढाई सुरूच होत नाही, मग रीसेटही नाही. मला हा आळशीपणा जाम आवडला. व्हीएमवेअरच्या गेस्टमध्ये टाइमआउट १८० सेकंद करतात तेही त्याच जातीचं.

शिवाय या इम्युलेटेड कंट्रोलर्सचा रीसेट कोड म्हणजे बग्जचं घरच. सीव्हीई-२०२१-३९२९ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या बगचा जाहीर नंबर) बघा, गेस्ट एनव्हीएमई (एसएसडीच्या) कंट्रोलरला सांगतो की डीएमए (मेमरीत थेट लिहिणं-वाचणं) तुझ्या स्वतःच्याच रजिस्टरवर कर, त्यातून चालू कामाच्या मध्येच रीसेट होतो, रिक्वेस्टची मेमरी फ्री होते आणि बाहेरचा कोड तीच वापरत बसतो. एलएसआयवाल्यातही अबॉर्टच्या वाटेवर असाच यूज-आफ्टर-फ्री निघालाय, सीव्हीई-२०२२-०२१६.

दुसरा व्हीएम मी काल व्हर्टआयओ स्कझीवर नेला. नेताना एक माती खाल्ली, आधी इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी इमेज) व्हर्टआयओचा ड्रायव्हर टाकायचा विसरलो, रूट डिस्कच सापडेना, मग परत एलएसआय लावून बूट केलं, ती इमेज नव्याने बनवली आणि मग कंट्रोलर बदलला. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती यादी) डिस्कच्या नावांऐवजी यूयूआयडी (न बदलणारे ओळख-क्रमांक) होते म्हणून बाकी काही हलवावं लागलं नाही.