नैसर्गिक गळती

माझ्या तक्त्यात एका रकान्याचं नाव होतं 'नैसर्गिक गळती'. हे नाव मी दिलेलं नव्हतं. मी तिथे सरळ 'वय/मृत्यू' लिहिलं होतं. साहेबांनी ते बदललं. जाहीर सुनावणीत असले शब्द बरे दिसत नाहीत म्हणाले. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी मूळची साताऱ्याची. अमेरिकेत, रॉकी पर्वतातल्या एका राज्याच्या वन्यजीव खात्यासाठी एल्कच्या शिकार परवान्यांची सोडत चालवणाऱ्या चमूत आकडेमोड करते. राज्याचं नाव लिहीत नाही, कारण नोकरी कंत्राटी आहे. घरी अंडंसुद्धा आणत नाही, यावरून ऑफिसात माझी भरपूर थट्टा होते. पण सोडतीत स्वतःचा अर्ज नसलेली त्या मजल्यावर मी एकटीच, त्यामुळे शंका आली की लोक माझ्याकडे येतात.

एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुल हरणाचा चुलतभाऊ. मोठा नर 300 किलोच्या पुढे जातो. तिकडच्या कायद्याचा पाया असा, की रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं. राज्याने ते जनतेच्या वतीने सांभाळायचं. म्हणून किती मारायचे, कुठे, कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या हत्याराने, हे सगळं राज्य ठरवतं. परवान्याला टॅग म्हणतात, कारण तो खरोखरच मारलेल्या जनावराला बांधायचा असतो.

टॅगची संख्या हवेतून येत नाही. हिवाळ्यात बर्फावर कळप उठून दिसतात, तेव्हा आमचे जीवशास्त्रज्ञ हेलिकॉप्टरमधून मोजणी करतात. दर 100 माद्यांमागे नर किती, हा त्यातला कळीचा आकडा. हे लोक उलट्या होईपर्यंत दरीत घिरट्या घालून तो आकडा आणतात आणि सुनावणीत कोणीतरी उठून म्हणतं, "माझ्या खिडकीतून तर खूप दिसतात." आमच्या जीवशास्त्रज्ञ बाई त्यावर फक्त पाणी पितात. मला ते जमलं नसतं.

आता पॉइंटांचं. (शिंगांच्या टोकांनाही तिथे पॉइंट म्हणतात. पहिल्या आठवड्यात एकाने 'सहा पॉइंटचा नर' मारल्याचं सांगितलं, तर मी त्याला विचारलं, सहा वर्षांतच नंबर लागला?) अर्ज केला आणि टॅग नाही मिळाला, तर एक पॉइंट. पुढच्या वर्षी ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी. ऐकायला न्याय्य आहे. पण समजा एखाद्या युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागात, वर्षाला 20 टॅग आहेत आणि सर्वात वरच्या पायरीवर, म्हणजे सर्वाधिक पॉइंट घेऊन, 600 माणसं उभी आहेत. नुसती ती पायरी रिकामी व्हायला 30 वर्षं. तोवर खालच्या पायऱ्यांवर दरवर्षी नवे लोक येणारच, कारण इथे बापाने मुलाच्या नावावर बाराव्या वर्षापासून पॉइंट साठवायला घेणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. टॅग मिळायला लागणारे पॉइंट वर्षाला जवळजवळ एकाने वाढतात आणि तुमचेही एकानेच वाढतात. तुम्ही चालताय, तसा टप्पाही पुढे चालतोय. याला 'पॉइंट क्रीप' म्हणतात.

आईला हे एका वाक्यात कळलं. "म्हणजे तुझ्या बाबांची स्कूटर." बाबांनी नंबर लावला तेव्हा साताऱ्यातच स्कूटरचा कारखाना होता आणि साताऱ्यातल्या माणसाला स्कूटर मिळत नव्हती. नऊ वर्षांनी पत्र आलं. शेजारच्या काकूंनी तर काका गेल्यावर त्यांचा बुकिंग नंबर रोख पैशांत विकला होता. इथे तसं चालत नाही. माणूस गेला की पॉइंट गेले.

बाहेरच्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगायला हवी. एल्क मारायचाच असेल तर आमच्या राज्यात बहुतेकांना जवळजवळ दरवर्षी कुठला ना कुठला टॅग मिळतो. रांग लागते ती मोजक्या युनिटांसाठी. तिथे टॅग मुद्दाम कमी काढतात, म्हणून नर म्हातारे होतात आणि शिंगं डेरेदार. ही उपाशी माणसांची रांग नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा बजावते.

सुधारणेचा प्रस्ताव असा होता: अशा युनिटांतले निम्मे टॅग पॉइंटांप्रमाणे, निम्मे निव्वळ चिठ्ठीने. त्यात नवीन काही नव्हतं. युटा असंच करतं. ॲरिझोना 20 टक्के टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांसाठी ठेवतं. नेवाडात पॉइंटांचा वर्ग करून, त्यात एक मिळवून तितक्या चिठ्ठ्या टाकतात. न्यू मेक्सिको आणि आयडाहो एल्कच्या पॉइंटांच्या भानगडीत पडलेच नाहीत, सरळ सोडत. वर स्थानिक आणि परराज्यातले यांच्या वाट्याचं भांडण आहेच. परक्याकडून कितीतरी पट फी घेणं घटनेत बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने मोंटानाच्या खटल्यात 1978 मध्येच सांगितलं, कारण करमणुकीसाठी एल्क मारणं हा काही मूलभूत हक्क नव्हे. पण त्या परक्यांच्याच पैशांवर खात्याचा बराचसा गाडा चालतो. त्यामुळे सुनावणीत त्यांना शिव्या आणि अंदाजपत्रकात त्यांना नमस्कार.

माझं काम होतं पुढच्या 25 वर्षांचं चित्र काढणं. थोडी बढाई मारते, कारण हे मी चांगलं केलं होतं. नुसती सरासरी न काढता प्रत्येक अर्जदार एक ओळ म्हणून ठेवला: वय, पॉइंट, पसंतीक्रम, कोणाबरोबर गटाने अर्ज करतो ते. गटाची गंमत वेगळीच. आमच्याकडे गटाच्या पॉइंटांची सरासरी धरतात, म्हणून 24 पॉइंटवाले आजोबा नातवंडांच्या अर्जावर दरवर्षी 'येतात', प्रत्यक्षात आरामखुर्चीतून उठत नाहीत. मग मागच्या अर्जांवरून, कोणत्या वयात किती लोक अर्ज करायचे थांबतात, तो दर बसवला. माणूस गेला हे खात्याला कोणी कळवत नाही. एका वर्षी अर्ज येत नाही, एवढंच दिसतं. सत्तरीनंतर तो दर झपाट्याने चढतो. मग हीच सोडत संगणकावर हजार वेळा काढली.

सुनावणी एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. वाटाडे बोलले, जमीनमालक बोलले, पंचविशीतला एक मुलगा बोलला की चालू नियमाने माझा नंबर माझ्या मेल्यावर लागेल. टाळ्या पडल्या. मग साहेबांनी माझी चौदावी स्लाइड दाखवली. वरच्या पायऱ्यांवरच्या माणसांची संख्या आणखी काही वर्षं चढते आणि नंतर उतरते. "दोन्ही पर्यायांत दबाव आपोआप कमी होणार आहे," साहेब म्हणाले.

तिसऱ्या रांगेतले एक आजोबा माइकपाशी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला कागद. वय 79, पॉइंट 22, हे त्यांनीच सांगितलं. ते ज्या युनिटसाठी अर्ज करत, तिथले सर्वाधिक पॉइंट 26.

"ही रेघ बारा वर्षांनी खाली येते. त्या वर्षी टॅग वाढणार आहेत का?"

"नाही," साहेब.

"अर्ज कमी होणार?"

"नवे अर्ज वाढतच जातील असं धरलं आहे."

"मग ही माणसं जातात कुठे?"

साहेब म्हणाले, नैसर्गिक गळती. आजोबांनी मान हलवली आणि आकडे ज्याने काढलेत त्याच्याकडून ऐकायचंय म्हणाले. मी उठले. 'अर्ज येणं थांबतं,' एवढंच म्हणायचं ठरवलं होतं आणि तेवढंच म्हणाले.

"का थांबतं?"

"वयामुळे."

"म्हणजे मी या रेघेत आहे," ते म्हणाले, "उतरत्या बाजूला." हॉल हसला. तेही हसले. मला हसू आलं नाही.

इथवर असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. पण त्यांनी पुढे विचारलं, नव्या नियमाने मला किती शक्यता? ते मला पाठ होतं. चालू नियमात 22 पॉइंटवाल्याची शक्यता शून्य. वरच्या चार पायऱ्या त्याच्या हयातीत संपत नाहीत. नव्या नियमात दरवर्षी शंभरात एकाहून थोडी कमी. शून्यापेक्षा केव्हाही जास्तच. प्रस्तावाचा खरा फायदा अशा मधल्या पायरीवरच्यांनाच होता. तोटा फक्त अगदी वरच्यांचा. मी हे सांगितलं, जरा उत्साहानेच.

पिवळा दिवा लागला होता. ते म्हणाले, "मला फायदा आहे हे समजलं. माझा विरोध नोंदवा. मागचा माझ्यापुढे जाणार नाही असं तुम्ही सांगितलंत, म्हणून मी 22 वर्षं उभा राहिलो." आणि लाल दिवा लागायच्या आत जागेवर जाऊन बसले.

जेवणाच्या सुट्टीत साहेब म्हणाले, म्हाताऱ्यांना गणित पटत नाही. हे साफ चूक आहे. गणित त्यांना त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगलं समजलं होतं. त्या वेळी मी हे बोलले नाही, सॅलड खात बसले. पंचविशीतला मुलगा खोटं बोलत नव्हता, आजोबाही नाहीत. माझ्या मॉडेलमध्ये प्रत्येक माणूस आपली शक्यता वाढवायला बघतो. स्वतःची शक्यता शून्यावर ठेवायला तयार असलेल्या माणसासाठी त्यात रकानाच नाही. तो कसा घालायचा, हे मी तेव्हापासून शोधते आहे. जीवशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "घालू नकोस. एल्कला फरक पडत नाही, कोणाच्या गोळीने मेलो याचा." बाईंचं त्यांच्या जागी बरोबर आहे.

प्रस्ताव मंजूर झाला, तीन वर्षांनी लागू होणार. मी रकान्याचं नाव बदलून 'अर्ज थांबले (वय)' केलं. अंतिम अहवालात ते पुन्हा 'नैसर्गिक गळती' झालं होतं.

यंदाची सोडत गेल्या महिन्यात झाली, अर्थात जुन्याच नियमाने. कोणाचा अर्ज कोणता, हे मला बघता येत नाही. नावं माझ्यापर्यंत येतच नाहीत. पण ओळी दिसतात. गेल्या वर्षी त्या युनिटसाठी 22 पॉइंट आणि 75 ते 79 वय अशा सहा ओळी होत्या. यंदा त्यांतल्या पाच उरतील असं मॉडेलचं भाकीत होतं. सहाच्या सहा आल्या आहेत. टॅग कोणालाच नाही. सगळ्यांचे पॉइंट 23.