आधी कुठला पाय? खेळाडूची प्रशिक्षक होताना

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून मी तीन वर्षं पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी, म्हणून खेळले. शेवटची आंतरविद्यापीठ स्पर्धा झाली आणि त्याच उन्हाळ्यात नागपुरात सकाळी सहाच्या शिबिरात लहान मुलींना शिकवायला उभी राहिले. तिथे दहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "ताई, ले-अपला आधी कुठला पाय?"

ले-अप म्हणजे रिंगकडे धावत जाऊन, दोन पावलांनंतर उडी घेऊन जवळून टाकलेला बॉल. पण आधीचा पाय कुठला, ते मला सांगता येईना. स्वतःच्या पायांकडे बघत दोनदा ले-अप मारला, तेव्हा उत्तर सापडलं. उजव्या हाताने बॉल टाकायचा तर आधी उजवा पाय, मग डावा, आणि डाव्यावरून उडी. इतकी वर्षं अंगात असलेली गोष्ट माझ्या तोंडात नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पतियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या प्रशिक्षकांसाठीच्या सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सला अर्ज केला. खेळाच्या एका प्रमाणपत्रावर आडनाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेण्यात तीन आठवडे गेले. ज्यांना जायचंय त्यांनी सगळी नावं दहावीच्या मार्कशीटशी आजच ताडून बघा.

संस्था मोतीबाग राजवाड्यात आहे. मैदानावरचा सराव मला जड गेला नाही. शरीरक्रियाशास्त्राला मात्र रात्री जागून पाठांतर करावं लागलं. खरी कसोटी होती पाठ घेण्याची. आमच्याच बॅचमधले खेळाडू विद्यार्थी म्हणून समोर उभे राहायचे. पहिल्या पाठात मी एकाच मुलीला कोपर, गुडघा, नजर, सगळं एका दमात सांगितलं आणि तिचा शॉट आणखीच बिघडला. सर म्हणाले, एका वेळी एकच चूक धरायची. मग ले-अप उलटा शिकवायला शिकले: आधी रिंगखाली उभं राहून नुसती उडी, मग एक पाऊल, मग दोन, आणि ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, सगळ्यात शेवटी.

परत आल्यावर आधी वेल्डर गाठला. आमची रिंग मोठ्यांची, 3.05 मीटरची. तिथवर बॉल पोचवायला लहान मुली तो दोन्ही हातांनी कमरेपासून फेकायच्या, आणि एकदा बसलेली ती सवय सोडवणं फार कठीण. मिनी बास्केटबॉलची रिंग 2.60 मीटरवर असते. तशी एक बाजूच्या खांबाला बसवून घेतली, पाच नंबरचे, म्हणजे लहान आकाराचे, चार बॉल आणले.

ती मुलगी अजून येते. हल्ली नव्या मुलींना ती खडूने जमिनीवर पावलं काढून देते, आधी उजवं, मग डावं.