सगळी पार्सलं एकाच दारात

तक्रार तशी साधी होती. एका बाईंनी ग्राहक सेवेला फोन करून सांगितलं होतं, "तुमची माणसं थांबवा. मी काही मागवलेलं नाही, तरी रोज कुणी ना कुणी दारात उभं असतं." त्यावर 'चुकीचा पत्ता' असा शेरा मारून तक्रार बंद झाली. पुन्हा आली, पुन्हा बंद झाली. शेवटी कुणीतरी ती आमच्याकडे ढकलली, कारण तीत 'मॅप' हा शब्द होता.

पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत मी पत्त्यांच्या डेटाचं काम बघतो. ग्राहकाने टाइप केलेल्या पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधायचे, म्हणजे जिओकोडिंग. रायडरच्या फोनवर नकाशात दिसणारी पिन, म्हणजे जागेची खूण, आमच्याकडून जाते. ती चुकली की सगळे म्हणतात, जीपीएस चुकलं. बिचाऱ्या जीपीएसचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. नागरी सिग्नल मुद्दाम ढोबळ करून सोडायचा प्रकार अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केला. आता मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोनसुद्धा साधारण ४.९ मीटरच्या आत आपली जागा सांगतो. उंच इमारतींच्या मधे तो भरकटतो हे खरं. पण भरकटला तरी शेजारच्या रस्त्यावर दाखवेल, भलत्याच वस्तीत नाही. फोन कुठे आहे एवढंच जीपीएस सांगतं. कुठे जायचंय ते पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेने सांगायचं असतं, आणि घोळ तिथे होतो.

त्या घराजवळ रायडर थांबलेल्या सगळ्या ऑर्डरी मी काढल्या. मला वाटलं होतं, घर क्रमांकाचा गोंधळ असेल. ज्या घराची नोंद नसते त्याची जागा अंदाजाने काढली जाते: रस्त्याच्या एका टोकाला १, दुसऱ्या टोकाला ९९, तर ५० मध्यावर. क्रमांक ओळीने असतील तर हे बऱ्यापैकी जमतं. जपानमध्ये अनेक ठिकाणी एका ब्लॉकमधल्या इमारतींना त्या बांधल्या गेल्या त्या क्रमाने आकडे दिलेले असतात. तिथे या हिशेबाचा काही उपयोग नाही. पण या चुका रस्त्याच्या नाहीतर ब्लॉकच्या आत राहतात. माझ्यासमोरच्या यादीत इमारती वेगळ्या, गल्ल्या वेगळ्या, आडनावं वेगळी; सारखी होती ती फक्त पिन. आणि सारखी म्हणजे दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या आकड्यापर्यंत सारखी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, चौथा दशांश म्हणजे ११ मीटर, सहावा म्हणजे जेमतेम ११ सेंटिमीटर. वेगवेगळ्या गल्ल्यांमधली घरं वीतभर जागेत मावत नाहीत.

हा प्रकार आमच्या धंद्यात नवा नाही. घर सापडलं नाही तर यंत्रणा रस्ता शोधते, रस्ता नाही तर वस्ती, वस्ती नाही तर पोस्टाचा विभाग, आणि मग त्या विभागाचा मध्यबिंदू काढून देते. पायरी पायरीने खाली उतरताना ती कुणाला काही सांगत नाही. वरच्या पायरीवरचं उत्तर आणि तळाचं उत्तर, दोन्ही सारख्याच टोकदार पिनने दिसतात. आमच्या विभागाचा मध्य एका मोकळ्या माळावर पडला होता. पण गाडी माळावर कशी जाणार, म्हणून यंत्रणेने तो बिंदू उचलून जवळच्या रस्त्यावरच्या पहिल्या फाटकाशी नेऊन ठेवला होता. ते फाटक तक्रार करणाऱ्या काकूंचं.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराने हेच वर्षानुवर्षं भोगलं. इंटरनेट पत्त्यांवरून जागा सांगणाऱ्या मॅक्समाइंड कंपनीला एखादा पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच कळलं की ती देशाचा ढोबळ मध्य द्यायची, तोही पूर्णांकात: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो नेमका त्या शेतात. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका जागेला चिकटले होते. हरवलेले फोन शोधणारे, फसवले गेलेले, पोलीस, सगळे त्या घरावर येऊन धडकायचे. २०१६ मध्ये बातमी झाली तेव्हा कंपनीने तो बिंदू एका तलावाच्या मधोमध सरकवला.

आमच्याकडे मात्र आणखी एक गाठ होती, आणि ती सुटेपर्यंत माझी दुपार गेली. असल्या 'तळाच्या' पिना पकडण्यासाठी आमच्याकडे तपासणी आहे. मग ही कशी निसटली? पडद्यावर ती हिरवी दिसत होती. हिरवी म्हणजे खात्रीची. कारण रायडर जिथे उभा राहून 'डिलिव्हर्ड'चं बटण दाबतो ती जागा यंत्रणा लक्षात ठेवते. चार जणांनी एकाच जागी बटण दाबलं की पिन बरोबर असल्याचं मानलं जातं. रायडर पिन बघून फाटकाशी जायचे, तिथून ग्राहकाला फोन करायचे, ग्राहक चालत येऊन पार्सल घ्यायचा आणि बटण तिथेच दाबलं जायचं. चुकीच्या पिनने माणसं तिथे आणली आणि त्या माणसांनी पिनच्या बाजूने साक्ष दिली!

नकाशांच्या इतिहासात याचा एक मजेशीर दाखला आहे. १९३०च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग या कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ॲग्लो नावाचं खोटं गाव घातलं होतं, कुणी नकाशा चोरला तर कळावं म्हणून. पुढे रँड मॅकनॅलीच्या नकाशात तेच गाव निघालं. चोरी पकडली असं वाटलं, पण दरम्यान नकाशातलं नाव बघून कुणीतरी त्या जागी ॲग्लो जनरल स्टोअर नावाचं दुकान थाटलं होतं. म्हणजे गाव खरंच होतं, म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी एका रायडरबरोबर तिथे गेलो. वाटेत मी त्याला हे सगळं समजावून सांगत होतो. तो शांतपणे म्हणाला, "सर, ते सगळ्यांना माहीत आहे. इथे यायचं आणि इथून फोन लावायचा. नवीन पोरं बेल वाजवतात, म्हणून काकू चिडतात." जे शोधायला मी दुपार घालवली ते रायडरांच्या ग्रुपवर पहिल्या दिवशी सांगितलं जातं. त्यांना विचारायचा रकाना आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

फाटकावर पाटी होती: 'तुम्हाला हवा असलेला पत्ता हा नाही.' काकू बाहेर आल्या. "माझं घर त्या मॅपमधून काढून टाका ना एकदाचं," त्या म्हणाल्या. त्यांचं घर नकाशात बरोबर आहे, इतरांची नाहीत, हे त्यांना सांगताना मलाच कसंतरी झालं.

इतरांची का नाहीत, ते मागच्या वसाहतीत फिरल्यावर कळलं. नकाशात वसाहतीचं मंजूर आराखड्यातलं नाव होतं. ते तिथल्या कुणाच्याच तोंडी नव्हतं. सगळे दुसरंच नाव सांगतात, पत्त्यातही तेच लिहितात. स्पेलिंगची चूक असती तर सॉफ्टवेअरने सांभाळून घेतली असती. १९६५ मध्ये व्लादिमीर लेव्हनश्टाइन यांनी दोन शब्दांमधलं अंतर मोजायची रीत मांडली: किती अक्षरं बदलली, घातली किंवा गाळली की एकाचा दुसरा होतो. आजही पत्ते शोधणारं सॉफ्टवेअर त्यावर बरंच विसंबतं. पण दोन नावांत एकही अक्षर जुळत नसेल तर अंतर मोजून काय उपयोग? आणि जुळवणी सैल करावी तर वेगळाच धोका. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपं इटलीतल्या काप्री बेटाला निघालं, नेव्हिगेशनमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते सुमारे ६५० किलोमीटर लांबच्या कार्पी गावात पोचलं. तिथे जाऊन बेटाचा रस्ता विचारू लागलं.

परत आल्यावर बैठक झाली. रस्त्याच्या पातळीपर्यंत पत्ता सापडला नाही तर पिन दाखवायचीच नाही, तेवढा भाग रंगवून दाखवायचा आणि आधी ग्राहकाला फोन लावून द्यायचा, असं मी मांडलं. "पिन नसेल तर ॲप बिघडलंय असं वाटतं," हे उत्तर आलं. एकाने कॅन्ससचा उपाय सुचवला, बिंदू पाण्यात सरकवा. मग रायडर तळ्याच्या काठावरून फोन लावतील, एवढाच फरक पडला असता. शेवटी रंगवलेला भाग मान्य झाला. 'डिलिव्हर्ड'च्या साक्षीलाही अट घातली: पत्ते वेगवेगळे आणि जागा एकच असेल तर ती साक्ष धरायची नाही. त्या दिवशी हिरव्या पिनांपैकी बऱ्याच पिवळ्या झाल्या आणि महिन्याचा अचूकतेचा आकडा घसरला. वरून विचारणा झाली, ती वेगळी गोष्ट.

वसाहतीचं लोकांच्या तोंडचं नाव आमच्या डेटात पर्यायी नाव म्हणून चढवलं. ज्यांच्याकडून आम्ही मूळ नकाशा घेतो त्यांनाही पाठवलं. तिथे ते अजून 'पडताळणी सुरू' या रांगेत आहे. त्यामुळे आमचे रायडर आता थेट घरी पोचतात. तोच नकाशा वापरणाऱ्या टॅक्सी मात्र वसाहतीतल्या पाहुण्यांना आजही काकूंच्या फाटकाशीच सोडतात.