बेंचखालची भीमबेटका

एलिमेंटरीच्या ड्रॉईंग परीक्षेला मला सी ग्रेड होती, त्यामुळे स्मरणिकेत मी ड्रॉईंगच्या तासावर लिहितोय म्हटल्यावर घरचे हसले. हसू देत. सातवीतले ते गुहेचे तास अजून आठवतात.

बाईंनी आधी वाकणकरांची गोष्ट सांगितली. विष्णू श्रीधर वाकणकर, उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ, आपले मराठी माणूस, १९५७ साली रेल्वेने जाताना भोपाळच्या अलीकडे खिडकीतून ते खडक दिसले आणि वाट वाकडी करून गेले तर काय, भीमबेटका! शेकडो गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रंच चित्रं. मग बाई म्हणाल्या, त्या लोकांकडे कुठे होता कॅम्लिनचा बॉक्स, आणि पिशवीतून गेरू काढला, तोच कुंड्यांना लावतात तो. त्यात लोखंडाचा गंजच असतो म्हणे, म्हणून हजारो वर्षं रंग उडत नाही. काळ्यासाठी कोळसा, पांढऱ्यासाठी खडूची पूड, ब्रश म्हणून चावलेली बाभळीची काडी.

चुरगाळलेला ब्राऊन पेपर बेंचच्या खालून चिकटवला, खिडक्या लावल्या, टॉर्च घेतला आणि उताणं पडून काढा म्हणाल्या. दोन मिनिटांत हात भरून येतो हो, आणि गेरू सरळ नाकात! नंतर कागदावर पंजा ठेवून टूथब्रशने रंग उडवला, हात उचलला की मधे कोरा पंजा. अर्जेंटिनात अशा पंजांनी भरलेली अख्खी गुहा आहे, त्यातले बहुतेक डावे, कारण उजव्या हातात रंग फुंकायची नळी असावी. हे ऐकून वर्गातला एकुलता एक डावखुरा लगेच उजवा पंजा उमटवायला धावला.

खरी मजा पुढे. माझ्या हरणावर शेजाऱ्याने भला मोठा बैल काढला, मी रडकुंडीला. बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, राहू दे, भीमबेटकालाही असंच आहे, एकाच खडकावर वेगवेगळ्या काळातले प्राणी एकावर एक, कुणी जुनं पुसायला गेलं नाही. मग काय, सगळ्यांनीच एकमेकांच्या चित्रांवर हात मारून घेतला. युनिफॉर्मचं जे झालं त्यावरून आयांनी बाईंना पुढच्या पालकसभेत गाठलं तो भाग वेगळा.

आता वर्गात स्मार्टबोर्ड आलाय असं कळतं. छान आहे. पण बेंच अजून तेच असतील तर गेरू आणि ब्राऊन पेपरचा खर्च माझ्याकडे, फक्त मलाही खाली पडून काढू द्या.